ती काच बिघडलेली नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या पेटीत एकावर एक दोन लेन्स असलेला रोलीकॉर्ड कॅमेरा निघाला, बरोबर चामड्याच्या डबीत दोन गोल काचा. एक साधी, दुसरी एका कडेला जाड आणि समोरच्या कडेला पातळ. दुरुस्तीवाला म्हणाला, दुसरी घासताना बिघडलीय, टाकून द्या. ही काय वस्तू आहे, तशाच घडणीच्या याशिकामॅट कॅमेऱ्याला बसेल का आणि विकली तर काय येईल?

टाकू नका. दुरुस्तीवाला बदला.

या जोडीला रोलीनार म्हणतात, जवळून फोटो काढायच्या काचा. साधी खालच्या लेन्सवर, म्हणजे जिच्यातून फिल्मवर फोटो पडतो तिच्यावर. जाड कडेची वरच्या लेन्सवर, जिच्यातून आपण बघतो. तिच्या कड्यावर 'हायडोस्मॅट-रोलीनार' कोरलेलं असेल. हायडोस्मॅट हे रोली कंपनीच्या कॅमेऱ्यांतल्या वरच्या लेन्सचं नाव. जाडी मुद्दाम ठेवलेली आहे. कशासाठी, ते मला बडोद्यात १९८३ च्या दिवाळीत कळायला हवं होतं.

दांडिया बाजारात माझ्या काकांचा स्टुडिओ होता. काका ऑर्डरीवर गेले की गल्ल्यावर चुलतभाऊ आणि डार्करूममध्ये मी. हा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. काकांकडे याशिकामॅट होता आणि कुठूनतरी मिळवलेली रोलीनारची जोडी. काका तिला हात लावू देत नसत, म्हणून ती कशी वापरतात हे आम्हा दोघांनाही धड माहीत नव्हतं. पावसाळ्यात दादाच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने डबी उघडून पाहिली आणि निकाल दिला, "आ काच तो बगडेलो छे." दादाने काकांना न विचारता ती शेजारच्या पोराला खेळायला दिली. तिच्यातून मुंगीसुद्धा मोठी दिसेना, म्हणून पोराने ती चार दिवसांत हरवली.

दिवाळीच्या तोंडावर सुरसागरजवळ राहणारे एक आजोबा मोडीतली सनद घेऊन आले. गायकवाडीतली, कापडावर डकवलेली, चांगली दोन हात लांब. पुण्यात मोडी वाचणारे कुणी होते, त्यांना मूळ कागद पाठवायचा नव्हता, आणि झेरॉक्सच्या काचेवर तो पालथा घालायला आजोबा मुळीच तयार नव्हते. काका सुरतेला गेलेले. दादाने ऑर्डर घेतली, आगाऊ पैसेही घेतले, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

ड्रॉइंग बोर्डवर सनद टाचून बोर्ड व्हरांड्यातल्या भिंतीला उभा केला. सनदेचे चार भाग, प्रत्येकाचे तीन फोटो, म्हणजे इंदूचा एक रोल बरोबर संपला. (इंदू म्हणजे उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स. नव्या पोरांना नाव माहीत नसतं.) काच एकच उरलेली, त्यामुळे दादाने सांगितल्याप्रमाणे ती आधी वरच्या लेन्सवर लावायची, ग्राउंड ग्लासवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या बघायच्या धूसर काचेवर, अक्षरं स्पष्ट करायची, मग तीच काढून खालच्या लेन्सवर लावायची आणि बटण दाबायचं. फोकसपुरती ही युक्ती अगदी बरोबर आहे. अक्षरं अशी आली की बोरूचा फाटा मोजावा.

पण सनदेच्या माथ्यावरचा 'श्री' आणि शिक्का फोटोत नाहीच! पहिल्या भागाच्या तिन्ही फोटोंत वरची दोन बोटं कापलेली. शेवटच्या भागात मोर्तबाखाली दोन बोटं जास्तीचा बोर्ड.

काका आले, प्रिंट बघितले आणि एवढंच म्हणाले, "ट्रायपॉड दोन बोटं वर नको का घ्यायला?" झालं. दादाने त्याचा अर्थ लावला की मी ट्रायपॉड नीट लावला नाही, तो खचला. आजोबांनी सनद पुन्हा द्यायला नकार दिला, पैसे परत गेले, आणि 'शिक्का कापणारा' हे माझं नाव प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत पंगतीला वाढलं जातं ते आजतागायत.

आता नीट बघा. या कॅमेऱ्यात बघायची लेन्स वर, फोटोची खाली, दोन्हींत चारेक सेंटीमीटर अंतर. म्हणजे दोन बोटं. लांबच्या फोटोत चार सेंटीमीटरनी काही बिघडत नाही, पण वस्तू हातभर अंतरावर असली की वरचा डोळा जे बघतो त्याच्या दोन बोटं खालचं फिल्मवर येतं. जाड कडेची काच म्हणजे प्रिझम. ती वरच्या लेन्सची नजर तेवढी खाली वळवते. ती नसेल तर फोकस झाल्यावर अख्खा कॅमेरा दोन बोटं वर उचलायचा, काका तेच सांगत होते. मामियाने तर आपल्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यांसाठी एवढंच काम करणारं पॅरामेंडर नावाचं उपकरण काढलं होतं.

आणि ट्रायपॉड खचला असता तर बारा फोटोंत बारा तऱ्हा झाल्या असत्या. इथे बाराही फोटो सारखेच, दोन बोटं खाली सरकलेले. म्हणूनच चारही भागांचे जोड ओळीला ओळ जुळत होते. तिपाई इतक्या शिस्तीने खचत नाही.

निवृत्तीनंतर अहमदाबादच्या 'रविवारी' नावाच्या बाजारात, साबरमतीकाठी एका पथारीवर मला अख्खी जोडी मिळाली आणि डोक्यात प्रकाश पडला. ती घेऊन दादाकडे गेलो. तो म्हणाला, "हे नंतरचं मॉडेल असेल."

तुम्ही स्वतः खात्री करून घ्या. काच खिडकीच्या गजासमोर धरून मधोमध बघा आणि जागच्या जागी गोल फिरवा. गज डावी-उजवीकडे डोलला तर ती प्रिझमवाली, स्थिर राहिला तर साधी. वरच्या लेन्सवर लावताना लाल ठिपका वर, जाड कड खाली. उलटी बसली तर चूक दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होते. एक्स्पोजर वाढवायची गरज नाही, फक्त लेन्सचं छिद्र एफ-आठ किंवा त्याहून लहान ठेवा, नाहीतर कडा विरघळतात.

कड्यावरचा रोलीनारचा आकडाही बघा: १ असेल तर एक मीटरपासून साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंत, २ असेल तर ५० पासून तिसेकपर्यंत, ३ त्याहूनही जवळ. याशिकामॅटला बसेल, दोन्हींची बेयोनेट, म्हणजे काच अडकवायची खाच, पहिल्या मापाची. रोलीफ्लेक्स २.८ ला तिसऱ्या मापाची लागते, त्यावर ही बसणार नाही.

एक सांगायचं राहिलं. जुन्या संचात तीन तुकडे यायचे: दोन अगदी सारख्या काचा आणि प्रिझम वेगळा, त्याचं नाव रोलीपार. तुमच्या जाड काचेवर हायडोस्मॅटऐवजी रोलीपार लिहिलेलं निघालं तर एक साधी काच पेटीत कुठेतरी पडलेली असणार, तळाचा कागद उचलून बघा. आणि काचेवर एकात एक वर्तुळं कोरलेली दिसली तर ती रोलीसॉफ्ट, चेहरा मऊ दिसावा म्हणून. तिचा या भानगडीशी संबंध नाही.

दादाच्या बाजूनेही बोलायला हवं: काच बिघडलीय हे त्याला मेकॅनिकने सांगितलं होतं, आणि काकांनीही डबी कधी आम्हाला उघडून दाखवली नाही. पण डबीतला एक कप्पा रिकामा का, हे काकांनी विचारलं तेव्हा तो गप्प का बसला?

किमतीचं मी सांगत नाही, मी माझी विकणार नाही. तुम्ही विकलीत तर दोन्ही एकत्रच विका, आणि घेणाऱ्याला जाड काच कुठे लावायची ते दाखवून द्या.