जुन्या लेथसोबत डबाभर टूल आले आहेत. कोणतं कशाचं, कसं ओळखायचं? की डबा भंगारात देऊन सरळ इन्सर्टचा सेट घेऊ?

सेट घेऊ नका (इन्सर्ट म्हणजे होल्डरवर बसवायची तयार, बदलता येणारी कार्बाइडची टिप). निदान आत्ता तरी नको. मी इथे सहसा नुसता वाचत असतो, पण 'डबा भंगारात' हे शब्द दिसले आणि राहवलं नाही.

डबा आधी फरशीवर ओता. अख्खे एकाच धातूचे चौकोनी तुकडे असतील ते बहुतेक एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील. शँकच्या टोकाला करड्या रंगाची टिप ब्रेझ केलेली (पितळेने जोडलेली) असेल तर ते विडिया, म्हणजे कार्बाइड. रंग शिल्लक असेल तर निळा म्हणजे पी ग्रेड, स्टीलसाठी. लाल म्हणजे के, बिडासाठी (कास्ट आयर्न). चौकोनी तुकड्याबद्दल शंका आली तर ग्राइंडरला हलकंच टेकवून बघा. एचएसएसची ठिणगी मंद, लालसर आणि विरळ पडते. साधं कार्बन स्टील पिवळंधमक फुलबाजीसारखं फुटतं. ते घासताना निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं समजा. एचएसएसला तेवढ्याने काही होत नाही.

राइट हँड-लेफ्ट हँडमध्ये सगळेच गोंधळतात. उजवा हात टूलवर पालथा ठेवा, बोटं टूलच्या टोकाकडे. अंगठ्याच्या बाजूला धार असेल तर राइट हँड. ते टेलस्टॉककडून (उजव्या टोकाचा आधार) चककडे (डावीकडची जॉब पकडणारी पकड) कापत जातं. जॉब म्हणजे कातायचा तुकडा.

आता डब्याचं. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत टर्नर होतो. कंपनीत सीएनसी आल्या, पाठोपाठ फाइव्ह एस (कारखान्यातली आवराआवरीची पद्धत) आलं आणि प्रॉडक्शन मॅनेजरने टूलरूममधल्या एचएसएसच्या ट्रेला लाल टॅग लावला, म्हणजे नको असलेली वस्तू. आमच्या जुन्या मिस्त्रींनी आयुष्यभर घासलेले टूल होते ते. मॅनेजर म्हणाला, दगडावर टूल घासत बसायचा जमाना गेला. ट्रे भंगारात गेला, आणि मी तो भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने परत आणला. घरी एकेक टूल हातात धरून हा कोन इथे का दिला असेल, याचा विचार करत बसायचो. आयटीआयच्या दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तेव्हा शिरलं.

पुढे टूलरूमच्याच लेथचा क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणारा भाग) स्क्रू झिजला. २२ मिमी व्यासाचा, ५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर), स्क्वेअर आट्याचा आणि अर्थातच डाव्या आट्याचा. स्टोअरमध्ये त्याचा इन्सर्ट नव्हता, स्पेअर यायला वेळ लागणार होता. मी ट्रेमधला मिस्त्रींचा स्क्वेअर थ्रेड टूल नेला आणि स्क्रू करून दिला. मॅनेजर खूश. सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, जुन्या वस्तू जपून ठेवल्या की अशा कामाला येतात."

हे वाक्य मला आजही पटत नाही. ते टूल उजव्या आट्यांसाठी घासलेलं होतं. या पिचला आट्याचा कल जवळपास ५ अंश येतो, आणि डावे आटे पाडताना टूल चककडून टेलस्टॉककडे जातं. म्हणजे जास्तीचा क्लिअरन्स (टूल जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार) दुसऱ्या बाजूला लागतो. तसंच लावलं असतं तर नुसतं घासत राहिलं असतं. मी दोन्ही बाजू नव्याने घासल्या, रुंदी अडीच मिलिमीटरला आणली, मग ते कापायला लागलं. जपून ठेवल्याने काहीही झालं नव्हतं. पण साहेबांपुढे हे बोलणार कोण!

म्हणून सांगतो, बाजारातून मिरांडा कंपनीचे दोन-चार कोरे एचएसएस बिट आणा आणि घासायला शिका. एमएससाठी (माइल्ड स्टील) बाजूचा आणि पुढचा क्लिअरन्स ६-८ अंश, टॉप रेक (वरच्या बाजूचा उतार) १२-१५. पितळेला रेक शून्य ठेवा, नाहीतर टूल आत ओढलं जातं. टूल सेंटरवर (जॉबच्या मध्याच्या उंचीवर) आहे का, हे बघायला टोक आणि जॉब यांच्यात पट्टी हलकीच धरा. उभी राहिली तर ठीक. वरची कड तुमच्याकडे झुकली तर टूल खाली आहे, टूलखालचं पॅकिंग वाढवा.

स्पीडचा हिशेबही माझ्याच बाजूने आहे. एचएसएसने एमएस ३० मीटर प्रति मिनिटाने कापायचं, म्हणजे २५ मिमीच्या बारला ३८० आरपीएमच्या आसपास. कार्बाइडला १०० मीटर धरले तरी १२७० येतात. तुमचा पट्ट्यावरचा लेथ तेवढा फिरतो का?

बिडाच्या कास्टिंगची वाळूची कातडी काढायला मात्र एचएसएस वापरू नका, तिथे लाल विडियाच. त्याची धार हिरव्या दगडावर लावा आणि गरम असताना पाण्यात बुडवू नका, तडकते. ग्राइंडरवर चष्मा हवाच, हातमोजे अजिबात नकोत.

आणि एवढं सांगूनही इन्सर्ट घ्यायचाच असेल तर सीसीएमटी कोडचा बघा. सीएनएमजी कोडच्या इन्सर्टला क्लिअरन्स शून्य असतो, त्यामुळे टूल निगेटिव्ह (टोकाकडे खाली झुकवून) बसवावं लागतं आणि हलक्या लेथला जोर पुरत नाही. कोडमधले शेवटचे दोन आकडे नोज रेडियसचे (टोकाच्या गोलाईचे): ०४ म्हणजे ०.४ मिमी, ०८ म्हणजे ०.८. तुम्ही ०४ घ्या.