मोसुलला इंग्रजी शिकवायला जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न

इराकमधलं मोसुल, इराकच्याच स्वायत्त कुर्दिस्तान प्रदेशातलं एर्बिल आणि इथिओपियातलं मेकेले या युद्धातून सावरणाऱ्या शहरांत इंग्रजीच्या प्राध्यापकांना मागणी आहे. त्याबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी ऐरोलीला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. शिक्षण एम.ए., बी.एड. वाशीच्या एका एजंटामार्फत मोसुलच्या एका खासगी महाविद्यालयाचं पत्र आलंय : १,२०० डॉलर पगार, घर आणि वीज मोफत. एजंट सव्वा लाख मागतोय. म्हणतो, व्हिसा एर्बिलचा काढू, एमिग्रेशन क्लिअरन्सही मीच बघतो. पैसे भरू का?

भरू नका. त्याच्या बोलण्यातल्या तीनही गोष्टी खटकणाऱ्या आहेत.

पहिली, व्हिसा. कुर्दिस्तान प्रदेशाच्या सरकारने दिलेला व्हिसा त्या प्रदेशापुरताच चालतो. एर्बिलहून मोसुल जेमतेम ८० किलोमीटर असलं तरी ते बगदादच्या केंद्र सरकारच्या हद्दीत आहे आणि वाटेत तपासणी नाकी आहेत. एर्बिलच्या व्हिसावर मोसुलला शिकवताना सापडलात तर बेकायदा ठरता तुम्ही. एजंट वाशीतच असतो.

दुसरी, क्लिअरन्स. इराक हा एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी परवानगी) लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे हे खरं, पण दहावी आणि त्यापुढे शिकलेल्यांना तो लागत नाही. पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शिक्का नाही ना, एवढं पाहा. जुन्या पासपोर्टवर तो चुकून राहिला असेल तर आधी काढून घ्या. ज्याची गरजच नाही त्याचे पैसे मागणाऱ्याशी व्यवहार थांबवावा.

तिसरी, रक्कम. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. शंका असेल तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात विचारा.

महाविद्यालयाशी थेट बोलणं सगळ्यात बरं. पत्रावरचा फोन नंबर वापरू नका. संस्थेच्या संकेतस्थळावरून इंग्रजी विभागाचा पत्ता शोधा, विभागप्रमुखांशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि सध्या तिथे शिकवणाऱ्या एका परदेशी शिक्षकाशी गाठ घालून द्यायला सांगा. खरी संस्था याला हरकत घेत नाही.

मग करार. पगार बारा महिन्यांचा की दहा? उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने कोरडे जातात हे बहुतेकांना तिथे पोचल्यावर कळतं. पगार डॉलरमध्ये की दिनारमध्ये, आणि दिनारमध्ये असेल तर कुठल्या दराने? २०२३ पासून सरकारी दर डॉलरला १,३०० दिनार आहे, पण बाजारातला दर वेगळा असतो आणि तो फरक तुमच्या खिशातून जातो. आठवड्याचे तास, परीक्षेची पर्यवेक्षणं, रहिवासी कार्डाचा आणि त्यासाठीच्या रक्ततपासणीचा खर्च, परतीचं तिकीट, राजीनाम्याची मुदत हे सगळं आकड्यांत लिहून घ्या. पासपोर्ट तुमच्याच ताब्यात राहील हे वाक्य करारात हवंच.

'वीज मोफत' यावर विसंबू नका. इराकमध्ये सरकारी वीज गेली की गल्लीतल्या खासगी जनरेटरची वीज येते आणि ती महिन्याच्या बोलीवर अँपिअरमध्ये विकली जाते. पाच अँपिअर म्हणजे २२० व्होल्टवर ११०० वॅट : दिवे, पंखे, फ्रिज चालतात. त्यावर दीड टनाचा एसी लावला की ब्रेकर पडतो. मोसुलचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. त्यामुळे किती अँपिअर देणार आणि चोवीस तास की ठरावीक वेळ, हे करारात लिहून घ्या.

प्रश्न : पदवीच्या कागदांवर शिक्के मारून घ्यायला कुठून सुरुवात करावी? (कळवा आणि खारघर इथले वाचक)

क्रम असा : विद्यापीठाकडून पडताळणी, मग मंत्रालयात राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी त्या देशाचा दूतावास. देश एकमेकांचे साक्षांकित कागद मान्य करण्याच्या हेग कराराचा सदस्य असेल तर दूतावासाचा टप्पा गळतो आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील (या करारानुसारचं साक्षांकन) पुरतो. भारत २००५ पासून सदस्य आहे. इराकसाठी दूतावासाचा टप्पा धरूनच चाला.

अडतं ते बहुधा नावावरून. मुंबई विद्यापीठाच्या अलीकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि त्यापुढे आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर तीनच नावं. परदेशातल्या कारकुनाला ते चौथं नाव म्हणजे दुसरीच व्यक्ती वाटते. त्यात लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर गोंधळ दुप्पट. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि पदवीबरोबर तेही सगळ्या टप्प्यांतून न्या. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत आणि विवाह नोंदणी दाखलाही जोडा.

पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. शिक्के मागच्या बाजूला कागदावर मारले जातात. प्लास्टिकवर ते बसत नाहीत आणि प्रमाणपत्र परत येतं. आधीच लॅमिनेट केलं असेल तर सोलण्यात वेळ घालवू नका, विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा.

पोलीस क्लिअरन्स सर्वांत शेवटी काढा. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर, शुल्क ५०० रुपये; ठाण्याचं केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. परदेशी संस्था साधारण सहा महिन्यांपेक्षा जुनं प्रमाणपत्र घेत नाहीत, म्हणून घाईने आधी काढलेलं बहुतेक वेळा वाया जातं. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार चालू तारखेचा हवा. पोलीस ठाण्याची पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते.

प्रश्न : ठाण्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झालो. मोसुलला एक वर्ष शिकवण्याची संधी आहे. त्या मुलांना काय आणि कसं शिकवायचं? तिथे कशाची काळजी घ्यावी? (घोडबंदर रोड)

तिथलं खरं काम वर्गातलंच असतं, म्हणून याला सविस्तर उत्तर देतो.

जून २०१४ मध्ये मोसुल आयसिसच्या ताब्यात गेलं. विद्यापीठाचा परिसर जानेवारी २०१७ मध्ये सुटला आणि शहर त्या जुलैमध्ये. मधल्या काळात विद्यापीठाचं कामकाज दुहोक आणि किर्कुकमधून चालू ठेवलं गेलं. मध्यवर्ती ग्रंथालय जळालं. ते बांधून २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. आज वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलांची प्राथमिक शाळेची तीन वर्षं त्यात गेली आहेत. त्यामुळे एकाच वर्गात अस्खलित बोलणारा मुलगा असतो आणि शेजारी वाक्यही जुळवता न येणारा. त्याच्यात हुशारी कमी नाही, शाळा कमी पडली आहे.

पहिल्या आठवड्यात चाचणी घ्या, पण निबंध नको. वीस मिनिटांत वाचून होईल असा त्यांच्या विषयातला उतारा द्या, पाच प्रश्न विचारा आणि सहा ओळींचं श्रुतलेखन घ्या. इराकमध्ये वैद्यकीचं शिक्षण इंग्रजीतून चालतं. त्या मुलांना संभाषणाआधी पाठ्यपुस्तक वाचणं आणि व्याख्यान ऐकत टिपणं काढणं जमायला हवं.

चुकांमागे मातृभाषा असते. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पार्क'चं 'बार्क' होतं. वर्तमानकाळात 'आहे' म्हणायला अरबीत क्रियापद लागत नाही, म्हणून 'He teacher' एवढ्यावर वाक्य संपतं. मोठी-छोटी लिपी नाही, म्हणून कॅपिटल अक्षरं राहून जातात. 'आणि'ने वाक्याला वाक्य जोडत जाणं अरबी लेखनात शोभतं. तेच इंग्रजीत आलं की परिच्छेदभर एकच वाक्य होतं. कुर्दी मुलांना मात्र 'प'चा त्रास नसतो आणि त्यांच्या भाषेत 'आहे'ही आहे. वर्ग मिश्र असेल तर सगळ्यांना एकच सराव देऊ नका.

प्रोजेक्टरवर तास बेतू नका. सरकारी विजेवरून जनरेटरवर जाताना मिनिटं जातात, प्रोजेक्टर पुन्हा गरम व्हायला आणखी काही, आणि पन्नास मुलांचं लक्ष उडतं. फळा, श्रुतलेखन, जोडीने वाचन यांवर तास उभा करा. लागणारे उतारे लॅपटॉपवर उतरवून न्या.

आता नाजूक बाब. प्राथमिक इंग्रजीच्या पुस्तकांत कुटुंबाचा धडा असतो : भाऊ किती, वडील काय करतात, वंशवृक्ष काढा. मोसुलच्या वर्गात हा धडा जसाच्या तसा घेऊ नये. कोणाच्या वंशवृक्षात कोण उरलंय हे तुम्हाला माहीत नसतं. काल्पनिक कुटुंब द्या. 'माझं बालपण', 'अविस्मरणीय दिवस' हे विषयही टाळा. व्याकरणात 'असं केलं असतं तर तसं झालं नसतं' या रचनेची उदाहरणं पुस्तकात बहुधा पश्चात्तापाची असतात. ती बदला, यंत्र बिघडल्याची किंवा प्रयोग फसल्याची द्या. तीच रचना, तोच सराव होतो.

एखादी मुलगी आपणहून काही लिहील. त्या कागदावर लाल पेन चालवू नका. वाचलं, लिहिल्याबद्दल आभार, एवढं लिहा; खोदून विचारू नका. विद्यापीठात समुपदेशक कुठे बसतात हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा, म्हणजे वेळेला पाठवता येईल. असं लेखन फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणं तर मुळीच नको, नाव झाकूनही नको.

वर्गाचं दार आतून कडी लावून बंद करू नका. अलार्मची तालीम असेल तर आधी सांगा. गट पाडताना हजेरीतल्या नावांवर जाऊ नका : मोसुलमध्ये सुन्नी अरब, कुर्द, तुर्कमान, शबक, यझिदी, ख्रिस्ती असे सगळे आहेत आणि नावावरून समाज ओळखू येतो. एक-दोन-तीन-चार असे आकडे मोजायला लावा. कुणाला '२०१४ मध्ये तू कुठे होतास' असं विचारू नका, गप्पांतही नाही.

गुणांसाठी दबाव येतो. उत्तीर्ण व्हायला शंभरांत पन्नास लागतात आणि नापासांना दुसऱ्या फेरीची परीक्षा असते. गुण कशाला किती हे पहिल्या दिवशी कागदावर देऊन त्याची सही केलेली प्रत विभागात ठेवा. नंतर कोणी ओळखीचा माणूस घेऊन आलं तर वाद तुमच्या मताचा राहत नाही, कागदाचा होतो.

प्रश्न : आमची मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, जाण्याचा हट्ट धरून बसली आहे. आम्हा दोघांना झोप नाही. पाठवावं का? (नेरूळ)

तुमची भीती खोटी नाही. २०१४ मध्ये मोसुलजवळ पळवून नेलेले ३९ भारतीय कामगार मारले गेल्याचं २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं. तेव्हा शहर आयसिसच्या हातात होतं. आज तशी स्थिती नाही. पण जायचं की नाही हा निर्णय तिचा आहे. तुमच्याकडून तिला तयारीत मदत हवी.

तिने पोचताच भारतीय दूतावासाकडे नोंद करावी. एर्बिलमध्येही भारताचा महावाणिज्य दूतावास आहे. विमा घेताना न झाकलेल्या गोष्टींची यादी वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात युद्ध, दहशतवाद आणि सरकारने जाऊ नका म्हटलेला भाग वगळलेला असतो. तो झाकणारी पॉलिसी महाग असते, पण घ्यायची तर तीच.

बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराकने आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी उत्तरेला झाखोजवळून तुर्कस्तानात रस्त्याने जाता येतं, पण भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा निवास परवाना असेल तरच मिळतो. तिच्याकडे तो नसेल तर तुर्कस्तानचा स्टिकर व्हिसा (पासपोर्टवर चिकटवला जाणारा) आधीच काढावा. ऐन वेळी मिळत नाही.

ढिगाऱ्यात, पडक्या घरात, मळलेली वाट सोडून शेतात पाऊल टाकू नये, फोटोसाठीही नाही. लाल त्रिकोण किंवा कवटीची पाटी दिसली की थांबायचं आणि ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे फिरायचं. अनोळखी वस्तू पायानेही हलवायची नाही.

प्रश्न : इथल्या फ्लॅटचा हप्ता तिथल्या पगारातून भागेल का? कराचं काय? (माजिवडा)

पहिले चार महिने भागेल असं धरू नका. कुर्दिस्तानात २०१४ पासून सरकारी पगार वारंवार रखडले आहेत. खासगी विद्यापीठं फीवर चालतात, फी भरणारे पालक पुष्कळदा सरकारी नोकर असतात; त्यांचा पगार थांबला की फी थांबते आणि मग तुमचा पगार. चार हप्ते आणि परतीचं तिकीट एवढी रक्कम इथल्या खात्यात ठेवूनच निघा.

कराचा नियम तारखेवर आहे. नोकरीसाठी परदेशी जाणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. सत्र ऑक्टोबरला सुरू होणार म्हणून ३० सप्टेंबरचं तिकीट काढलंत, तर त्या वर्षीचा तिथला पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. चार दिवस आधी निघा. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या, तिथून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई हे अनिवासींचं दुसरं खातं उघडा. डॉलर रोख आणत असाल तर ५,००० डॉलरच्या वरच्या नोटा विमानतळावर कस्टम्सला जाहीर कराव्या लागतात.

प्रश्न : नेट-सेट नाही. सेल्टा करून उपयोग होईल? (डोंबिवली)

होतो, विशेषतः भाषा केंद्रांमधल्या जागांसाठी. सेल्टा म्हणजे केंब्रिजचं इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र. १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवण्याचं मूल्यमापन. विभागातल्या प्राध्यापकपदाला मात्र एम.ए. आणि जमल्यास पीएच.डी.च पाहतात. 'मातृभाषा इंग्रजी असलेलेच हवेत' अशा जाहिरातींवर वेळ घालवू नका. इंग्लिश लँग्वेज फेलो ही अमेरिकी सरकारची योजनाही फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे.

प्रश्न : मेकेलेच्या विद्यापीठात अर्ज केलाय. वेगळं काही? (कोपरखैरणे)

मेकेले ज्या टिग्रे प्रांतात आहे तिथलं युद्ध नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरिया कराराने थांबलं. वर्गाबद्दल वर लिहिलेलं बहुतेक तिथेही लागू आहे. वेगळी गोष्ट म्हणजे पिवळ्या तापाची लस. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो, म्हणून निघायच्या किमान पंधरा दिवस आधी वेळ घ्या. हा दाखला असलेलं पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबरच ठेवा : सुट्टीला इथिओपियातून परत येताना ते नसेल तर मुंबई विमानतळावरून घरी न जाता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं.