गिझर लावला की आरसीसीबी ट्रिप होतो: ऐकायचं कोणाचं?

तुम्ही लिहिलंय की गिझर चालू केला की पाच मिनिटांत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) ट्रिप होतो. वायरमन म्हणतो "डायरेक्ट करून देतो", म्हणजे आरसीसीबी वगळून जोडतो, दुकानदार म्हणतो १०० मिलिअँपिअरचा बसवा, व्हिडिओत तिसरंच काही.

आधी महत्त्वाचं. डायरेक्ट अजिबात करू नका, १०० चाही बसवू नका. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, एवढंच आरसीसीबी बघतो. कमी आला तर उरलेला दुसरीकडून जमिनीत जातोय, आणि बाथरूममध्ये ती वाट तुमच्या अंगातूनही असू शकते. माणसाचा जीव वाचवायला ३० मिलिअँपिअरचाच, म्हणजे एवढा करंट गळला की लगेच वीज तोडणारा, लागतो. तुमचा आरसीसीबी बहुधा खरं सांगतोय.

आता विश्वासाचं. ज्याचा सल्ला भरवशाचा, तो तपासल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा माझा अनुभव. आमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. पहिला माणूस लांबूनच म्हणाला, "चपला घालून वापरा." घरात रांगतं मूल असताना आम्ही दोन महिने तसंच वापरलं, आठवलं की अजून धडकी भरते. दुसऱ्याने आल्या आल्या टेस्ट लॅम्प काढला. फेज-न्यूट्रलला पेटला, फेज-अर्थिंगला नाही. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची हिरवी वायर मागे नुसती लोंबकळत होती. दहा मिनिटांचं काम, पण त्याने मला प्रत्येक पायरी दाखवून केलं. तेव्हापासून मी त्यालाच बोलावतो.

म्हणून वायरमनला विचारा: मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आहे का? परवाना आहे का? घरातलं वायरिंग करायला सरकारी लायसन्स असलेला कॉन्ट्रॅक्टर आणि परवानाधारक वायरमन लागतो. परवान्याचा नंबर मागितला म्हणून चिडणारा माणूस मी तरी घरात घेणार नाही. मेगरने गिझरच्या कॉइलचं इन्सुलेशन लगेच कळतं. टेस्टरच्या लाल दिव्याने कळत नाही.

व्हिडिओ बघताना तो कुठल्या देशातला आहे ते आधी पाहा. अमेरिकेत काळी वायर फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल. ब्रिटनमध्ये आता निळी न्यूट्रल असते, आपल्या थ्री-फेजमध्ये निळी हा एक फेज आहे. रंगावर भरवसा ठेवून वायर धरलीत तर काय होईल ते सांगायला नको.

तुम्ही स्वतः एवढं करा: मेन बंद करा, गिझरचा प्लग काढा, मग मेन चालू करून घरातलं बाकी सगळं नेहमीसारखं वापरा. नुसता स्विच बंद करून चालत नाही. तो बहुधा फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि कॉइल फुटली असेल तर तेवढ्यानेही ट्रिप होऊ शकतं. प्लग काढल्यावर ट्रिप होणं थांबलं तर दोष गिझरमध्ये, बहुतेक कॉइल. तरीही होत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात. नव्या वायरिंगमध्ये दोन सर्किटच्या न्यूट्रल एकत्र बांधलेल्या मी बऱ्याचदा पाहिल्यात, त्यानेही ट्रिप होतं. डीबी (मेन स्विच-एमसीबीचा बॉक्स) मात्र स्वतः उघडू नका.

काय झालं ते इथेच कळवा, पुढचं बघू. तोवर पाणी गॅसवर तापवा, बादलीत रॉड टाकू नका.