टॉमच्या चेहऱ्याला काळा रंग लावायचा का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही परभणीची हौशी मंडळी, हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीवर मराठीत नाटक बसवायलोत. टॉम रॉबिन्सन हा काळा माणूस, तर त्याचं काम करणाऱ्या पोराला काळा मेकअप करायचा का यावरून तालमीत रोज वाद व्हायलेत. काही जण म्हणतात रंगाची भानगडच नको, गोष्टच आपल्याकडच्या गावात आणू, टॉमला दलित करू. काय करावं?
— एक रंगकर्मी, परभणी

उत्तर: रंग अजिबात लावू नका. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे आणि त्यावर शो चालायचे, त्यामुळं तो मेकअप म्हणजे अपमानच, परभणीत कुणाला खटकला नाही म्हणून तो कमी होत नाही. आणि खरं सांगू का, त्याची गरजच नाही.

कोर्टाचा सीन बघा. 1930च्या दशकातलं अलाबामा, मायेला या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा टॉमवर खोटा आरोप, ज्युरीत सगळे गोरे, काळी माणसं वर गॅलरीत. मागं एक उंच लेव्हल लावा, काळ्यांना तिथंच बसवा, खाली जागा रिकामी दिसली तरी कुणी उतरायचं नाही. कोण कुठं बसतं यावरून आपल्या प्रेक्षकाला सगळं कळतं. मग टॉमचा डावा हात, लहानपणी जिनिंगच्या मशीनमध्ये अडकून निकामी झालेला, शपथ घेताना तो उजव्या हातानं उचलून बायबलवर ठेवतो आणि तो घसरून पडतो. परभणीत जिनिंग काय असतं ते सांगायला नको, त्या पोराला आजपासूनच हात लटकता ठेवायला लावा.

पुढं सरकारी वकील विचारतो, फुकटात मायेलाची कामं का करायचास, तर टॉम म्हणतो, तिची कीव यायची. इथं थांबा, घाई करू नका! काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कीव आली हे त्या कोर्टाला आरोपाइतकंच झोंबतं, आणि हे ज्याला कळलं त्याला टॉमचा रंग वेगळा दाखवायला लागत नाही.

आता गाव बदलायचं. नातं जुनं आहे हे मान्य, जोतिरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं तेच गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तरी मला हे पटत नाही, कारण तसं केलं की टॉमची बाजू लढणारा वकील सवर्ण होतो, तोच हिरो ठरतो आणि दलित माणूस गप्प बसून राहतो. आपल्या मराठवाड्यात असं झालं का? 1978 ला विद्यापीठाच्या नामांतरावरून वस्त्या जळाल्या तरी ज्यांची घरं गेली तीच माणसं रस्त्यावर लढली, 14 जानेवारी 1994 ला नामांतर होईपर्यंत मागं हटली नाहीत. त्यांचं नाटक वेगळं लिहा, त्यांच्याच पोरांना लिहू द्या. हे नाटक कादंबरीतल्या मेकॉम्ब गावातच ठेवा, भाषा मात्र बिनधास्त परभणीची. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2018 ला आरन सॉर्किनच्या नाटकात टॉमला आणि घरकाम करणाऱ्या कॅलपर्नियाला जास्त बोलायला मिळालं, तेवढं तुम्हीही करा, पण रीतसर विचारून.

कारण लेखिका 2016 मध्ये गेली आणि आपल्या कायद्यात मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, गाव बदललं तरी त्यातून सुटका नाही. आधी परवानगीचं पत्र पाठवा, मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट, हॉलची तारीख सगळ्यात शेवटी.