सांगलीत अंगणातलं पावसाचं पाणी गाडीच्या वाटेखालून गटारात सोडायला कोणता पाइप घ्यावा?

गाडीच्या वाटेखाली एसएन ८ दर्जाचा (एसएन म्हणजे पाइपचा ताठरपणा, आकडा मोठा तितका कणखर) यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकचा ड्रेनेज पाइप घ्या, बाकी अंगणात एसएन ४ पुरतो. पाइपवर आयएस १५३२८ छापलेलं बघा, ते जमिनीखालच्या ड्रेनेजचं मानक आहे. दुकानदार बहुधा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा, पावसाच्या पाण्याचा) पाइप पुढे करतो. तो मुख्यतः इमारतीसाठी, चाकाखाली चपटा होऊ शकतो. सिमेंटचा ह्यूम पाइप दणकट, पण घरकामाला उगाच जड. खरी गोची मातीची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांधे हलवते. म्हणून पाइपच्या चहूबाजूंनी वाळू भरा, खणलेली मातीच परत लोटू नका. उतार मीटरला एक सेंटिमीटर. मात्र कृष्णेच्या पुराचं पाणी (२०१९चा पूर आठवा) गटारातून उलटं येतं तिथे नुसता पाइप चांगला असून भागत नाही, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लागतो.