रमोन्स लाइव्ह: कुठून सुरू करायचं आणि नेमकं काय ऐकायचं

तुझा प्रश्न असा की रमोन्स या अमेरिकन पंक बँडचे स्टुडिओतले पहिले तीन अल्बम आवडले, पण लाइव्ह लावलं की सगळं एकच लांबलचक गाणं वाटतं, मग आम्ही जुनी खोडं त्याच चार-पाच रेकॉर्डिंगवर इतकी वर्षं का लोळतोय. आधी एक मान्य करतो, एकच गाणं वाटतं हे तुझं अगदी बरोबर आहे. मलाही तसंच वाटायचं आणि वर्षभर मी ते तसंच ऐकलं, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

ही नव्वदीतली पुण्यातली गोष्ट. मित्राच्या भावाकडे त्यांच्या 'इट्स अलाइव्ह' या लाइव्ह अल्बमची डबल एलपी होती, ती मी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली, आणि कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून बाबांची अभंगांची घेतली (नंतर बोलणी खाल्ली, ते सोड). आता हिशोब बघ, अल्बम साधारण चोपन्न मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस, म्हणजे पहिल्या बाजूला एक गाणं मधोमध चिरलेलं, मग उलटवायची, उरलेली नऊ-दहा मिनिटं वाजली की खट्ट आवाज आणि थेट अभंग, तोही अर्ध्या ओळीतून. आजही फोनवर ऐकताना त्या जागी माझा हात कॅसेट उलटायला उठतो. तर लोळण्याचं एक कारण हे, सवय. पण तेवढंच असतं तर तुला एवढं लिहीत बसलो नसतो.

मला बऱ्याच उशिरा कळलं ते असं की रमोन्स लाइव्ह ऐकताना गाणी नंतर ऐकायची, आधी दोन गाण्यांच्या मधली जागा ऐकायची. गाणी तुला पाठ आहेतच की.

यूट्यूबवर १९७४ सालचं काळंपांढरं फुटेज आहे, न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या सीबीजीबी क्लबमधलं. ते आधी बघ. बँड सुरू होऊन जेमतेम काही महिने झालेत, क्वीन्समधली चार पोरं, आडनाव सगळ्यांचं रमोन आणि नात्यातलं कुणीच नाही. एक गाणं संपतं आणि पुढचं कोणतं वाजवायचं यावरून स्टेजवरच यांची जुंपते, माइक चालू असताना. गाणं दोन मिनिटांचं, वाद जवळजवळ तेवढाच. आपल्याकडे गणपतीत ऑर्केस्ट्रावाले "साउंड, साउंड" करत बसतात तसा प्रकार.

आता तिथून उडी मारून ये ३१ डिसेंबर १९७७ ला, लंडनचं रेनबो थिएटर. हेच 'इट्स अलाइव्ह'. अठ्ठावीस गाणी, म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि मधली जागा गायब! गाणं संपतं, टाळ्या पुरत्या चढायच्या आत बेसवाला डी डी ओरडतो वन-टू-थ्री-फोर, की पुढचं सुरू. गंमत म्हणजे डी डी जी मोजणी करतो तिचा पुढच्या गाण्याच्या लयीशी संबंध असेलच असं नाही, तो आपला एकाच वेगात ओरडतो. ती मोजणी म्हणजे कंडक्टरची डबल बेल समज, बेल वाजली की गाडी सुटली, चढायचं राहिलेल्यांनी आपलं बघावं.

आणि एवढ्या घाईत गाणारा जोई मध्येच एखादं वाक्य टाकतो ते सोन्यासारखं वाटतं. चौथं गाणं 'आय वॉना बी वेल', त्याच्या आधी तो म्हणतो की ते चिकन विंदालू खाल्ल्यावर आता मला बरं व्हायचंय. माझा रूममेट म्हापशाचा, तो या वाक्याला हमखास टेप थांबवायचा आणि चिकनचं विंदालू कोण करतं रे, विंदालू डुकराचं, असं मला सुनवायचा, जणू ते मीच रांधलं होतं. ब्रिटनमधल्या करी हाउसचं ते तिखटजाळ प्रकरण आणि याच्या आईचं व्हिनेगर-लसणीचं विंदालू यांचं नातं नावापुरतंच असणार, पण रमोन्सच्या रेकॉर्डवर आपल्याकडचं काहीतरी सापडलं म्हणून आम्हाला तेव्हा भारी वाटलं होतं.

वेगाबद्दल तू लिहिलंस की उगाच पळवल्यासारखं वाटतं. तर एक कर, टेबलावर उजव्या हाताचं बोट ठेव आणि 'रॉकअवे बीच' लावून जॉनीच्या गिटारबरोबर फक्त वरून खाली मारत राहा, खालून वर येताना मारायचं नाही. बाकीचे बहुतेक गिटारवाले खाली-वर दोन्हीकडून मारतात, म्हणजे मेहनत निम्मी. जॉनी सगळं खालीच मारतो. नारळ खवताना मनगट कसं भरून येतं, तसं तुझं तिसऱ्या गाण्याला येईल, आणि हा बाबा अठ्ठावीस गाणी तेच करतो. त्या आवाजात जी करवत आहे ती तिथून येते. पहिल्या अल्बममध्ये गिटार एका कानात आणि बेस दुसऱ्या कानात ठेवलाय, तेव्हा इअरफोनचा एकच बोळा घालून आधी तिथे गिटार एकटी ऐकून घे, मग रेनबो लाव, फरक आपोआप कळेल.

पण खरी जादू ड्रमवरच्या टॉमीची आहे असं माझं ठाम मत, यावर भांडायला तयार. टॉमी जन्माने बुडापेस्टचा, आधी बँडचं मॅनेजरपण करायचा, ड्रमर नव्हताच. आलेल्या ड्रमरांपैकी कुणालाच इतकं साधं वाजवणं जमेना म्हणून हा स्वतः बसला. तो पळतो पण दम लागू देत नाही, गाण्यात हवा राहते. बाराव्या नंबरला 'हिअर टुडे, गॉन टुमॉरो' येतं, त्यातल्या त्यात संथ, तिथे ऐक म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. १९७८ मध्ये टॉमीने बँड सोडला आणि मार्की आला. मार्की जास्त तयारीचा ड्रमर, वाद नाही, पण त्यानंतर वेग वर्षागणिक चढत गेला आणि ती हवा कमी होत गेली. ताशेवाल्यांच्या अंगात आलं की ढोलवाल्यांचं काय होतं माहितीय ना, तसंच.

त्या दौऱ्यात ब्रिटनमधले चार शो रेकॉर्ड केले होते. रेनबोचाच का निवडला तर म्हणे शो संपल्यावर लोकांनी दहा रांगांमधल्या खुर्च्या उखडून स्टेजकडे फेकल्या! बाकीचे तीन, बर्मिंगहॅम, स्टोक आणि एल्सबरी, २०१९ च्या चाळिसाव्या वर्षाच्या बॉक्समध्ये आले. ते लगेच घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. मी सलग चार रात्री ऐकल्या, गाणी तीच, क्रमही जवळपास तोच, आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत बायकोने विचारलं की हे अडकलंय का. तरी तो बॉक्स मी जपून ठेवलाय. तीच गाणी सलग चार रात्री वाजवली की कुठे हात बसतो आणि कुठे निसटतो ते ऐकण्यात एक वेगळीच मजा आहे. आठवडाभरानंतरचा, ७ जानेवारी १९७८ चा न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधला शोसुद्धा आहे, २००३ ला निघाला, तो घरच्या पब्लिकपुढचा. आणि हे घरचं पब्लिक बघ, 'इट्स अलाइव्ह' १९७९ ला ब्रिटनमध्ये आला पण अमेरिकेत निघायला १९९५ उजाडलं.

आता थेट 'लोको लाइव्ह'वर ये, १९९१ चं, बार्सिलोनातलं. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, गाण्यांची यादी आणि मिक्स दोन्हीत वेगळं, म्हणून दोन माणसं 'लोको लाइव्ह'वर भांडताना दिसली की आधी विचारायचं, कोणतं? डी डीने १९८९ ला बँड सोडला, मोजणी आता त्याच्या जागी आलेला बेसवाला सी.जे. करतो. वेग इतका की जोई शब्दांची टरफलंच बाहेर टाकतो, ओळ पूर्ण म्हणायला जागाच नाही. बरेच जण यावर जीव टाकतात, मला वीस मिनिटांत थकायला होतं.

आणि इथे ती मधली जागा परत आठव. तोपर्यंत जोई आणि जॉनी यांच्यात बोलणं जवळपास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. जोईची मैत्रीण पुढे जॉनीची बायको झाली, राजकारणातही दोघं दोन टोकांना, तरी एकाच व्हॅनमधून फिरायचे आणि रात्री शेजारी शेजारी उभं राहून वाजवायचे. १९७४ ला निदान स्टेजवर भांडत तरी होते. आता भांडणसुद्धा नाही, गाणं, वन-टू-थ्री-फोर, गाणं. त्या मोजणीमुळे एकमेकांशी बोलायची गरजच उरली नव्हती. हे कळल्यावर मी जुन्या टेपा परत लावल्या तेव्हा तोच आवाज मला जरा वेगळा लागला.

शेवटचा शो ६ ऑगस्ट १९९६, हॉलिवूडचं पॅलेस, 'वुई आर आउटा हिअर' नावाने आलाय. नंबर २२६३. मोटरहेडचा लेमी येतो, डी डी एका गाण्यापुरता परत येतो, शेवटी पर्ल जॅमचा एडी वेडर. खूप लोक हा ऐकून रडतात. मी एकदाच ऐकलाय, पाहुण्यांची गर्दी फार आहे, लग्नाच्या स्टेजसारखी. जोई २००१ ला गेला, डी डी २००२, जॉनी २००४, टॉमी २०१४. म्हणजे रेनबोच्या त्या रात्री स्टेजवर असलेल्या चौघांपैकी आज कुणीच नाही.

तुझ्यासाठी क्रम असा: १९७४ चं फुटेज, मग रेनबो दोनदा, मग 'लोको'ची पहिली पंधरा मिनिटं, मग परत रेनबो. शफल बंद ठेव, आणि ॲपमध्ये दोन गाण्यांमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं सुरू करणारी सोय) चालू असेल तर तोही आधी बंद कर, तो नेमकी डी डीची मोजणी खातो.