फ्रेंच खुर्ची पंधराव्या लुईच्या शैलीची की सोळाव्या लुईच्या, हे कसं ओळखायचं?

आधी पाय पाहा: नागमोडी वळणाचा असेल तर पंधराव्या लुईची शैली, सरळ, खाली निमुळता होत गेलेला आणि उभ्या खाचा कोरलेला असेल तर सोळाव्या लुईची, म्हणजे नवअभिजात. खात्रीसाठी पाय बैठकीच्या चौकटीला मिळतो तो सांधा बघा. नवअभिजात खुर्चीत तिथे बहुतेक वेळा चौकोनी ठोकळा आणि त्यावर कोरलेलं गोल फूल असतं. ही सगळी प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंची भाषा. इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेईचं १७४८ मध्ये सुरू झाल्यावर तिचं आकर्षण वाढलं आणि खांबांवरच्या खाचा खुर्चीच्या पायांवर उतरल्या. राजाच्या नावावरून काळ मात्र ठरवू नका. सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर आला, तोवर ही शैली पॅरिसमध्ये रुळली होती, आणि मधल्या वर्षांत वळणदार पायांवर सरळ रेषांची चौकट अशा मिश्र खुर्च्याही बनल्या. एकोणिसाव्या शतकातल्या नकला तर भरपूर आहेत, म्हणून खुर्ची उलटी करून चौकटीची आतली बाजू तपासा: करवतीचे ओरखडे कमानीसारखे वळलेले असतील तर ते गोल यांत्रिक करवतीचे, म्हणजे लाकूड नंतरच्या काळात कापलेलं. कारागिराच्या नावाच्या ठशावर एकट्यावर विसंबू नका. तो खोटाही मारलेला असतो.